ठेवावे कोणाला, सोडावे कोणाला

एप्रिल 2019 मध्ये प्रो कबड्डीच्या सातव्या हंगामाचा लिलाव झाला आणि यू मुंबाने सिद्धार्थ देसाईला हातचे जाऊ दिले. त्या रात्री चिंचणीत आमच्या कट्ट्यावर जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही. चंदगड तालुक्यातला हा उंचापुरा पोरगा आदल्या वर्षी 36 लाख 40 हजारांत संघात आला होता. पहिल्याच हंगामात त्याने 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण घेतले. मराठी मुलगा, मुंबईच्या नावाचा संघ, आणि अंगावर तीन-तीन गडी घेऊन मध्यरेषा गाठणारी ताकद! असा खेळाडू कोणी सोडतो का? तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना उचलले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली ठरली.

तेव्हा मीही शिव्या देणाऱ्यांत होतो. पण शिव्या देऊन झाल्यावर मी एक वही घातली. कोणाला ठेवले, कोणाला सोडले, सोडलेल्याचे पुढे काय झाले आणि सोडणाऱ्याचे काय झाले, एवढेच त्या वहीत लिहीत गेलो. हा लेख त्या वहीतूनच आला आहे. मी कबड्डीचा अभ्यासक वगैरे नाही. तरुणपणी गावच्या मंडळाकडून डाव्या कोपऱ्यात खेळलो आणि गुडघा गेल्यावर खुर्चीत बसून खेळू लागलो, इतकाच माझा अधिकार.

ज्यांनी कबड्डी पाहिली आहे पण लिलाव पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हंगाम संपला की प्रत्येक संघाला आपली यादी द्यावी लागते. त्यात काही मोठे खेळाडू ठरलेल्या मोबदल्यावर कायम राखता येतात. ती रक्कम थैलीतून वजा होते. काही तरुण खेळाडू करारात असतात. आणि काही अगदी नवे, ज्यांना संघाने स्वतः हुडकून, घडवून थेट करारात घेतलेले असते. ते लिलावात उतरतच नाहीत. बाकीचे सगळे संघमुक्त होतात. त्यांच्यावर पुन्हा बोली लागते आणि जुन्या संघाला वाटले तर शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून तो आपला खेळाडू परत घेऊ शकतो. थैली मात्र सर्वांची सारखी. सहाव्या हंगामात ती 4 कोटींची होती, सातव्यात 4 कोटी 40 लाखांची, दहाव्यात 5 कोटींची. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी उपयोग नाही. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे ताट रिकामे राहणार. संसार केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमचे आणि यू मुंबाचे नाते एकाच आठवड्यात जुळले. 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या डोममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने ही लीग सुरू झाली आणि 1 ऑगस्टला ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला. जिल्हा नवा, लीग नवी. डहाणू लोकल आदल्याच वर्षी सुरू झालेली. बोईसरला गाडी धरायची, दादरला उतरून स्लो गाडीने महालक्ष्मी. परतीच्या शेवटच्या गाडीच्या धास्तीने दुसऱ्या डावातली शेवटची पाच मिनिटे आम्ही किती वेळा चुकवली असतील, ते विचारू नका.

त्या पहिल्या तीन हंगामांत यू मुंबा दर वेळी अंतिम फेरीत होता. 2014 मध्ये जयपूरने 35–24 असे हरवले, 2015 मध्ये बंगळुरू बुल्सला 36–30 असे नमवून आम्ही विजेते झालो, आणि 2016 च्या सुरुवातीला पाटणा पायरेट्सकडून 31–28 असे तीन गुणांनी गेलो. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. पण त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आवाज न चढवता, पाय बोनस रेषेवर टाकून गुण घेऊन परत येणारा तो माणूस आमच्या गल्लीतला असल्यासारखा वाटे.

मात्र माझी नजर कोपऱ्यांकडे असे. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा अशी ती जोडी. चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळला की दुसरा कोपरा त्याच्या पाठीमागून अर्धे पाऊल पुढे सरकतो. हे अर्धे पाऊल कोणी कोणाला सांगत नाही. ते सरावाने येते आणि एकाच जोडीदाराबरोबर येते. जोडीदार बदलला की ते पुन्हा शून्यापासून शिकावे लागते. 2016 च्या चौथ्या हंगामाआधी ही जोडी मुंबईतून गेली. मोहितवर बंगळुरूने 53 लाख लावले, त्या वर्षीची सर्वोच्च बोली. दोन वर्षांपूर्वी, 2014 मध्ये, राकेश कुमारची 12 लाख 80 हजारांची बोली सर्वोच्च होती, यावरून भाव कसे चढले ते दिसते. नाडाही बंगळुरूलाच गेला आणि पुढच्या वर्षी दोघे मिळून हरियाणा स्टीलर्सकडे गेले. जोडीचे मोल दुसऱ्यांना कळले होते. त्या चौथ्या हंगामात यू मुंबा पहिल्यांदा उपांत्य फेरीबाहेर राहिला. चढाईची फळी बरीचशी तीच होती. घसरण कोपऱ्यातून सुरू झाली, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

दुसरी जखम रिशांक देवाडिगाची. मुंबईत वाढलेला, मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला. पाचव्या हंगामात तो यूपी योद्धाकडे गेला आणि जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे 28 गुण मिळवून बसला. जानेवारी 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाचा 34–29 असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. अकरा वर्षांनी आलेले अजिंक्यपद. त्यानंतर काही महिन्यांनी यू मुंबाने सहाव्या हंगामासाठी एकही खेळाडू कायम न राखता पाटी कोरी केली. अनुप कुमारसुद्धा गेला. रिशांकला परत आणण्याची संधी होती, पण यूपीने 1 कोटी 11 लाख मोजून त्याला ठेवून घेतले. आणि डिसेंबर अखेर कोचीच्या बाद सामन्यात त्याच रिशांकच्या यूपीने यू मुंबाला घरी पाठवले. गुणफलक पुन्हा 34–29. वहीत या दोन नोंदी मी समोरासमोरच्या पानांवर केल्या आहेत.

त्या कोऱ्या पाटीवर यू मुंबाने पहिले मोठे नाव लिहिले ते फजल अत्राचलीचे. इराणचा डावा कोपरा, किंमत 1 कोटी. त्यालाच कर्णधार केले. कट्ट्यावर पुन्हा गदारोळ झाला: मुंबईच्या संघाचा कर्णधार परदेशी? मला मात्र चिंचणीकराने असे म्हणावे याचे हसू आले. आमच्याच गावात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा आहे. त्यात लिहिले आहे की राष्ट्रकूट राजाने संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या आसपासच्या या सगळ्या पट्ट्याचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे सोपवला होता. मधुमती म्हणजे मुहम्मद, ताजिक म्हणजे अरब. त्याच्याच कारकिर्दीत इथल्या मठाला दान दिल्याची ती नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी राजाने किनारा सांभाळायला बाहेरचा माणूस नेमला आणि त्याने इथल्या देवस्थानाची व्यवस्था पाहिली. आता यू मुंबाचे मालक रॉनी स्क्रूवाला, म्हणजे पारशी, कर्णधार इराणी. संजाणच्या शेजाऱ्यांनी तरी याचे नवल करू नये. शिवाय फजलने मैदानावर उत्तर दिलेच. त्या हंगामात पकडीचे 83 गुण आणि विस्कळीत संघाला बाद फेरीपर्यंत नेणे, ही कामगिरी त्याच्या नावावर आहे.

पण ‘आपला’ आणि ‘बाहेरचा’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही, हे मला आमच्या मंडळाने शिकवले. तो प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय माझी मते कुठून आली ते कळणार नाही.

खेळणे सुटल्यावर काही वर्षे मी मंडळाचा संघ निवडायला बसत असे. बारा जणांची यादी: सात मैदानात, पाच राखीव. एका वर्षी तारापूरच्या कारखान्यांपैकी एकाच्या संघातला उत्तम चढाईपटू आम्हाला मिळाला. स्पर्धेच्या नियमात बसत होता, आम्ही घेतला. त्याला जागा करायची म्हणून यादीतून एक नाव काढावे लागले. मी ज्याचे नाव काढले तो माझ्याबरोबर दहा वर्षे खेळलेला, वयाने उतरणीला लागलेला, पण मैदान आखण्यापासून दिवे उतरवण्यापर्यंत सगळे करणारा गडी होता. खेळाच्या हिशेबाने निर्णय चूक नव्हता. आम्ही ती स्पर्धा जिंकलो. चूक केली ती पुढची. त्याला मी आधी सांगितले नाही. यादी वाचली जाताना त्याने ती सगळ्यांबरोबर ऐकली. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. बक्षीस म्हणून मिळालेला चषक कुठे आहे ते आज कोणाला ठाऊक नाही. पण दुसऱ्या वर्षी मैदान आखायला माणूस शोधावा लागला, ते मला आठवते.

त्यामुळे खेळाडू ‘सोडला’ अशी बातमी वाचली की मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. सोडणाऱ्याच्या हातात बारा किंवा पंचवीस जागाच असतात. आणि सोडलेला माणूस यादीत स्वतःचे नाव शोधत असतो.

आता सिद्धार्थचा हिशेब. 4 कोटी 40 लाखांच्या थैलीत 1 कोटी 45 लाख म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. तेवढी रक्कम एका चढाईपटूवर घालवायची तर तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे पाहायला हवे. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. तो आपल्या बळावर परत येत नाही. त्याच्या संघाने गुण मिळवला तरच त्याला उठता येते, एका गुणाला एक गडी या हिशेबाने. पकड करणारे कच्चे असतील तर एक कोटीचा चढाईपटू मिनिटामागून मिनिटे बाकावर बसून राहतो आणि मग समोरचा संघ लोण चढवतो. म्हणजे मोठ्या चढाईपटूची खरी किंमत बोलीत दिसते त्याहून जास्त असते. त्याला उठवणारी माणसेही विकत घ्यावी लागतात. सामन्यात 218 गुण मोजता येतात. तो बाहेर बसलेला वेळ कोणी मोजत नाही. दोन रिकाम्या चढायांनंतर येणारी ‘करो या मरो’ चढाई आणि तीन किंवा कमी गडी उरल्यावर पकडीला मिळणारा जादा गुण, या दोन्ही गोष्टी पकड करणाऱ्यांच्या बाजूने झुकतात. तिसऱ्या चढाईला मोठा खेळाडू आत येणार हे समोरच्यांना माहीत असते आणि ते तयार बसलेले असतात.

पुढे झाले तेही पाहा. सातव्या हंगामात सिद्धार्थने टायटन्ससाठी चढाईचे 217 गुण घेतले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा फक्त एक कमी. तो जसा होता तसाच राहिला. पण टायटन्स बारा संघांत अकरावे आले. यू मुंबाने फजलला कायम राखले, अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल, रोहित बालियान अशा चढाईपटूंमध्ये भार वाटला, संदीप नरवालला 89 लाखांत घेतले आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे बंगाल वॉरियर्सकडून 37–35 असे दोन गुणांनी हरलो. बंगाल पुढे विजेता झाला. आठव्या हंगामात सिद्धार्थ दुखापतीने लवकरच बाहेर गेला. दुखापतीचे श्रेय अर्थात यू मुंबाला देता येत नाही, ते नशीब. पण एकाच माणसावर तृतीयांश थैली लावणाऱ्याने नशिबालाही त्यात धरलेले असते. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतले आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामभर बाहेर राहिला. गंमत अशी की थलैवाज त्याच्याशिवाय उपांत्य फेरीपर्यंत गेले.

मग महाग खेळाडू घेऊच नये का? इथे माझ्या वहीतली सर्वांत बोलकी दोन पाने येतात, दोन्ही दहाव्या हंगामाची. थैली 5 कोटींची. तेलुगू टायटन्सने पवनला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले, पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना. दोघांनीही थैलीचा साधारण अर्धा भाग एका माणसावर ओतला. टायटन्स 22 सामन्यांत दोन जिंकून तळाला गेले. पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28–25 असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले.

फरक उरलेल्या अर्ध्यात होता. पुण्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार होता, मोहित गोयत होता, नाशिककडचा आकाश शिंदे होता, पंकज मोहिते, संकेत सावंत, गौरव खत्री होते. यातले कितीतरी संघाने कोवळ्या वयात घेऊन घडवलेले, म्हणून स्वस्त. आणि एकमेकांबरोबर खेळून ते अर्धे पाऊल शिकलेले. अस्लम आणि मोहित गोयत पहिल्यांदा खेळले ते आठव्या हंगामात, तेव्हा पलटणचा प्रशिक्षक होता अनुप कुमार, ज्याला यू मुंबाने जाऊ दिले होते तोच. शादलुई पकडीचे 99 गुण घेऊन गेला, पण तो बसला एका तयार घरात. टायटन्सने कळस विकत घेतला आणि भिंती नंतर बघू म्हटले. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझूला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले त्या संघात अस्लम आणि आकाश दोघे होते, आणि अंतिम सामन्यात समोर इराणकडून शादलुई. दोन महिन्यांनी तिघे एकाच रंगाच्या बनियनमध्ये.

इथे थांबलो असतो तर माझा सिद्धान्त फार सुंदर दिसला असता. पण पुढच्याच वर्षी पुण्याने शादलुईला सोडले. तो 2 कोटी 7 लाखांत हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. पुणे, तीच घडवलेली पोरे घेऊन, बाद फेरीतही पोचले नाही. अस्लमच्या गुडघ्याने मध्येच दगा दिला हे एक कारण, पण एकमेव नव्हे. म्हणजे घर तयार असले तरी कोपऱ्यातला तो एक माणूस लागतोच. मग हरियाणानेही त्याला सोडले, गुजरात जायंट्सने 2 कोटी 23 लाख दिले, आणि गुजरात 2025 मध्ये बाद फेरीबाहेर राहिला. त्याच वर्षी पुणे पुन्हा अंतिम फेरीत आले आणि दिल्लीकडून 31–28 असे हरले. शादलुईच्या मागे जाणाऱ्यांनी या तीन वर्षांचा नीट विचार करावा. मला त्यातून दिसते ते इतकेच, की तो शेवटची वीट आहे. शेवटची वीट आधी विकत घेता येत नाही.

याच हिशेबात आमच्याकडच्या मुलांचा प्रश्न येतो. मराठी मुलांना संघ घेत नाहीत, अशी तक्रार दर हंगामाला होते. कोटा ठेवा अशी मागणीही ऐकतो. मला ती पटत नाही. चिंचणी-वाणगाव-डहाणू पट्ट्यातली मुले आजही बरेचदा मातीवर खेळतात. मातीत पाय रुततो, झटापटीत अंगभर जोर लावता येतो. मॅटवर बुटाची पकड वेगळी, वळणे तीव्र, आणि एका श्वासात दिशा बदलावी लागते. मातीवरचा चांगला कोपरा मॅटवर पहिले सहा महिने घसरतच असतो. मॅट खर्चिक, ती ठेवायला बंदिस्त जागा हवी. ती जागा आणि ते सहा महिने सतरा-अठराव्या वर्षी कोणी दिले, तर त्या मुलाची बोली लागण्याची वेळच येत नाही. संघ त्याला थेट करारात ठेवतो. पुण्याने हेच केले. मुंबईच्या नावाच्या संघाला वसईपासून तलासरीपर्यंतचा किनारा आणि त्यामागचे वारली पाडे इतके जवळ आहेत. एका उन्हाळ्यात एक निवड चाचणी बोईसरला घेतली तर लोकलचे तिकीट तरी वाचेल.

सिद्धार्थला सोडले ते बरोबर होते, हे आता मी कट्ट्यावर मान्य करतो. त्यासाठी मला सहा वर्षे आणि दीड वही लागली. अर्जुन देशवालचे मात्र मी कबूल करणार नाही. यू मुंबानेच त्याला पहिली संधी दिली, सातव्या हंगामासाठी कायम राखले, उपांत्य फेरीपर्यंत खेळवले, आणि आठव्या हंगामाआधी तो गेला. जयपूरने 96 लाख दिले. पहिल्या वर्षी त्याने चढाईचे 267 गुण घेतले, दुसऱ्या वर्षी 296, आणि जयपूर विजेते. आपल्या अंगणात रुजलेले रोप, वय कोवळे, भाव अजून चढायचा होता. त्याला ठेवायला तेव्हा तृतीयांश थैली लागली नसती.